सर्व्हर गेला, बॅकअप आहे: रिकव्हरी पेनड्राइव्हवरून पूर्ण यंत्र परत कसं उभं करायचं

बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री घ्या, निपाणीतली तंबाखूची पेढी घ्या, नाहीतर खानापूर, संकेश्वर, चिकोडीकडची एखादी सौहार्द पतसंस्था घ्या. मागच्या खोलीतली मांडणी बहुतेक सारखीच असते. एक टॉवर सर्व्हर, त्यावर हिशेबाचं किंवा बँकिंगचं सॉफ्टवेअर, त्याला जोडलेले पाच-पंचवीस संगणक आणि रात्री आपोआप होणारा बॅकअप. तो बॅकअप जवळच्या एनएएस पेटीत (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) किंवा यूएसबी डिस्कवर जातो, आणि रोज सकाळी हिरवी खूण बघून सगळे निर्धास्त असतात.

खरी कसोटी सर्व्हर बंद पडल्यावर लागते. वळवाच्या विजेने मदरबोर्ड जातो. पावसाळ्यात लाईट दिवसातून दहादा येते-जाते आणि रेडमधल्या (अनेक डिस्क जोडून एक म्हणून वापरायची मांडणी) दोन डिस्क एकाच आठवड्यात बसतात. मग लक्षात येतं की बॅकअप सुरक्षित आहे, पण तो नव्या यंत्रावर उतरवायला जे साधन लागतं ते कुणी बनवलेलंच नाही. हे साधन म्हणजे बूट होणारा, म्हणजे ज्याच्यावरून यंत्र सुरू करता येतं असा, रिकव्हरी पेनड्राइव्ह. त्याला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: ज्या डिस्कवर लिहायचं ती डिस्क, जिथे बॅकअप आहे ती जागा, आणि यंत्र ज्या पद्धतीने बूट होतं ती पद्धत. रिस्टोअर अडतं ते जवळजवळ नेहमी या तिघांपैकी एकापाशीच. पुढचा सगळा लेख या तिघांभोवती आहे.

पुन्हा इन्स्टॉल का नको

नवीन विंडोज टाकून फक्त डेटा परत आणला तर चालत नाही का, असं बरेच जण विचारतात. काही ठिकाणी चालतं. आपल्या भागात मात्र एक वेगळी अडचण आहे. इथल्या संस्थेची पावती कन्नडमध्ये निघते, सभासदाचं पत्र मराठीत जातं आणि ताळेबंद इंग्रजीत असतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपीसारखे युनिकोडपूर्व फाँट वापरलेले असतात. त्याच आवृत्तीचा फाँट नसेल तर सभासदाच्या नावाच्या जागी चिन्हांची रांग छापली जाते. शिवाय पासबुक प्रिंटरचा जुना ड्रायव्हर, लायसन्सच्या डोंगलचा ड्रायव्हर, फाउंड्रीतल्या वजनकाट्याशी बोलणारी छोटी सेवा, आणि वर्षानुवर्षं कुणी ना कुणी केलेल्या सेटिंग. यातलं निम्मं कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज बॅकअप, परत उतरवली की हे सगळं जागच्या जागी येतं. म्हणूनच, निदान मुख्य सर्व्हरसाठी, मी नेहमी इमेजचाच आग्रह धरतो.

सर्व्हर धडधाकट असताना करायची तयारी

पेनड्राइव्ह बनवायची पद्धत तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरवर ठरते. विंडोज सर्व्हर बॅकअप वापरत असाल तर वेगळं मीडिया बनत नाही. त्याच आवृत्तीचा विंडोज सर्व्हरचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह हाच रिकव्हरी पेनड्राइव्ह असतो. वीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या फुकट आवृत्तीतसुद्धा, रिकव्हरी मीडिया बनवायची सोय आहे. ती ज्या यंत्रावर चालवाल त्या यंत्राचे डिस्क आणि नेटवर्कचे ड्रायव्हर ती मीडियात घेऊ शकते, म्हणून हे काम त्या सर्व्हरवरच बसून करा, ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावर नको. लिनक्स सर्व्हर असेल तर रिलॅक्स अँड रिकव्हर हे मुक्त साधन चालत्या यंत्रावरूनच बूट होणारी प्रतिमा तयार करतं. साधन कुठलंही असो, विंडोजची मोठी आवृत्ती बदलली, रेड कार्ड बदललं किंवा बॅकअप सॉफ्टवेअर अपडेट झालं की पेनड्राइव्ह पुन्हा बनवायचा. जुन्या मीडियाला नव्या आवृत्तीने घेतलेला बॅकअप वाचता येईलच, याची खात्री नसते.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पेनड्राइव्ह घ्या आणि दोन्हींवर तीच प्रतिमा ठेवा. फॉरमॅट फॅट३२ ठेवा, कारण बहुतेक यंत्रांचं यूईएफआय फर्मवेअर (विंडोजच्या आधी चालून यंत्र सुरू करणारा प्रोग्राम; याची जुनी पद्धत म्हणजे लेगसी) तेवढंच वाचतं. त्याच पेनड्राइव्हवर ड्रायव्हर नावाचा एक फोल्डर करा. त्यात रेड कंट्रोलरचा आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सुटा करून ठेवायचा. सुटा म्हणजे आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी या फाइली वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली ईएक्सई फाइल तशीच टाकली तर रिकव्हरीच्या पडद्यावर ती बहुधा कामाला येत नाही. उलगडून ठेवायला दहा मिनिटं लागतात, आणि ऐन वेळी हीच दहा मिनिटं मिळत नाहीत.

यानंतर सर्व्हरच्या बायोसमध्ये जाऊन मोबाइलने फोटो काढा. बूट पद्धत यूईएफआय आहे की लेगसी, सिक्युअर बूट चालू की बंद, रेडची पातळी कुठली, किती डिस्क कुठल्या खणात, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचाही फोटो घ्या, पार्टिशनचे आकार दिसतील असा. सर्व्हरचा आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस आणि एनएएसचा आयपी पत्ता कागदावर उतरवा. एनएएसचं नाव लिहून भागत नाही, कारण रिकव्हरीच्या वेळी नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हरच मेलेला असतो.

बॅकअपला एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्याचा पासवर्ड, एनएएसचं लॉगिन आणि सर्व्हरचा स्थानिक अॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड हे तिन्ही बंद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवा. एन्क्रिप्शनचा पासवर्ड हरवला तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. सर्व्हरच्या खोलीत लावायचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तिथे कोण असेल हे सांगता येत नाही; वॉचमन कडोलीचा असेल तसा गोकाकचाही असेल. त्या कागदावर एवढंच पुरे: काय झालं तर कुणाला फोन करायचा, आणि कुठल्या बटणाला हात लावायचा नाही.

शेवटी एकदा, कामकाज बंद असताना, सर्व्हर त्या पेनड्राइव्हवरून बूट करून बघा. काहीही रिस्टोअर करायचं नाही. रेडची डिस्क दिसते का, आणि एनएएसवरचा बॅकअप उघडून तारखांची यादी दिसते का, इतकंच बघायचं आणि बाहेर पडायचं. ही तपासणी झाली नसेल तर तुमच्याकडे रिकव्हरी पेनड्राइव्ह आहे असं मी मानत नाही.

बंद पडल्या दिवशी आधी काय तपासायचं

“सर्व्हर चालू होईना झालाय” असा फोन आला की लगेच रिस्टोअरला हात घालू नका. आधी पॉवर सप्लाय आणि यूपीएस बघा. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवा. रेड कार्डाच्या पडद्यावर फॉरेन कॉन्फिगरेशन असं दिसत असेल तर घाईत क्लिअर दाबू नका. याचा अर्थ डिस्कवर रेडची मांडणी आहे, फक्त कार्डाला ती आपली वाटत नाही. अशा वेळी इम्पोर्ट करून बऱ्याचदा सगळं जसंच्या तसं परत येतं. क्लिअर केलं की ती मांडणी पुसली जाते. कार्डच बदललं असेल तेव्हा हा पडदा हमखास येतो. मात्र एखादी डिस्क आधीच बरेच दिवस बाहेर पडलेली असेल तर तिच्यावर जुना डेटा असतो. तिला बाजूला काढून मगच इम्पोर्ट करा.

डिस्क खरंच गेल्या असतील तर त्या काढून त्यांच्यावर खणाचा क्रमांक आणि तारीख लिहून बाजूला ठेवा. त्याच डिस्क पुसून त्यांच्यावरच रिस्टोअर करायचं नाही. बॅकअप उघडला नाही तर डेटा मिळण्याची शेवटची आशा त्याच डिस्कवर असते.

रॅन्समवेअरमुळे, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमुळे, सर्व्हर गेला असेल तर वाट थोडी वेगळी आहे. पहिलं काम म्हणजे नेटवर्कची केबल काढणं आणि एनएएस वेगळी करणं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते, आणि हे छोट्या कंपन्यांनाही लागू आहे. मशीन परत उभं करायच्या गडबडीत हे राहून जातं. बॅकअपही कालचा घेऊन चालत नाही. घुसखोरी फाइली लॉक होण्याच्या बऱ्याच आधी झालेली असू शकते, म्हणून लॉग बघून त्याआधीची तारीख निवडावी लागते. त्यासाठी मागचे काही आठवडे टिकवणारा बॅकअप हवा. विंडोज सर्व्हर बॅकअप नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवत असाल तर तिथे एकच प्रत राहते. नवी आली की जुनी जाते. ज्यांची मांडणी अशी आहे त्यांनी आजच ती बदलावी.

नवं यंत्र किंवा नव्या डिस्क तयार करणं

हुबळी किंवा कोल्हापूर बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, त्यामुळे सुटा भाग साधारण दिवसभरात येतो. पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरकडचा महामार्ग काही दिवस बंद होता. सर्व्हरला चालणाऱ्या दोन डिस्क आणि एक पॉवर सप्लाय ऑफिसात राखीव ठेवणं जमत असेल तर नक्की ठेवा.

नवी डिस्क घेताना आकाराकडे लक्ष द्या. विंडोज सर्व्हर बॅकअपला नवी डिस्क जुन्या डिस्कएवढी किंवा मोठीच लागते, मग आतला डेटा कितीही कमी असो. १ टीबीच्या डिस्कवर २०० जीबी डेटा असला तरी ९६० जीबीची एसएसडी तो नाकारतो. वीमसारखी काही साधनं पार्टिशन लहान करून बसवू शकतात. दुसरी बाब सेक्टरची, म्हणजे डिस्क ज्या लहान तुकड्यांत लिहिते त्यांच्या आकाराची. जुनी डिस्क ५१२ बाइट सेक्टरची असेल आणि नवी ४के नेटिव्ह (४०९६ बाइट सेक्टरची) आणली तर इमेज उतरत नाही किंवा बूट होत नाही. बाजारात ५१२ई म्हणून मिळते ती चालते, कारण ती यंत्राला ५१२ बाइटचेच सेक्टर दाखवते. दुकानदाराला हे स्पष्ट विचारूनच घ्या.

रेड कार्डाच्या पडद्यावर जाऊन पूर्वीसारखीच व्हर्च्युअल डिस्क (विंडोजला एकच दिसणारी रेडची डिस्क) बनवा. आधीच्या सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल डिस्क असतील, एक विंडोजची आणि एक डेटाची, तर इथेही दोनच बनवा आणि क्रम तोच ठेवा. मग बायोसमध्ये घड्याळ बघा. बरीच वर्षं चाललेल्या यंत्रात बॅटरी संपून तारीख मागे गेलेली असते, आणि चुकीच्या तारखेमुळे एनएएसचं लॉगिनसुद्धा अडू शकतं. सीआर२०३२ ची बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

बूट पद्धत फोटोतल्यासारखीच ठेवा. जुनं यंत्र लेगसीवर असेल आणि नवं यूईएफआयवर बूट केलंत तर विंडोजची इमेज रिकव्हरी सरळ नकार देते. अगदी नव्या सर्व्हरमध्ये लेगसी पद्धतच उरलेली नाही. तिथे डिस्कची जुनी एमबीआर मांडणी यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीमध्ये बदलणं हे वेगळं काम करावं लागतं, तेव्हा इतकं जुनं यंत्र चालू असेल तर त्याचा विचार ते चालू असतानाच करा.

पेनड्राइव्हवरून बूट

लागणारा पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड सोडून बाकी सगळ्या यूएसबी वस्तू काढा. बूट मेनूसाठी डेल, एचपीई आणि सुपरमायक्रोच्या सर्व्हरवर एफ११, लेनोवोच्या थिंकसिस्टिमवर एफ१२. यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा यूईएफआय असं लिहून आणि एकदा नुसता. मूळ सर्व्हर यूईएफआयचा असेल तर यूईएफआय लिहिलेलाच निवडा. पुढचा बराच त्रास इथेच वाचतो. सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हर दुरून हाताळायची सोय) असेल आणि लायसन्समध्ये ती सोय असेल तर पेनड्राइव्हऐवजी प्रतिमा दुरूनही जोडता येते, पण त्या वाटेने बूट व्हायला वेळ लागतो.

रिकव्हरीचा पडदा आला की पहिल्यांदा कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट चालवा आणि लिस्ट डिस्क द्या. रेडची डिस्क दिसली तर उत्तम. नाही दिसली तर लोड ड्रायव्हर निवडून पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमधली रेडची आयएनएफ फाइल दाखवा, आणि पुन्हा लिस्ट डिस्क. इथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीसारखी नसतात. एक्स हा मेमरीतला तात्पुरता ड्राइव्ह असतो, आणि ज्याला हा पडदा सी म्हणतो तो तुमचा सी असेलच असं नाही. अक्षरावर न जाता आकारावरून ओळखा.

नंतर नेटवर्क. ज्या ऑफिसात आयपी पत्ते वाटायचं काम त्याच सर्व्हरकडे होतं तिथे आता डीएचसीपी नाही, म्हणून पत्ता हाताने द्यावा लागतो. कागदावरचा तोच पत्ता द्या. नेटवर्क कार्डच दिसत नसेल तर त्याचाही ड्रायव्हर तसाच लोड करा. एनएएसकडे जाताना नावाऐवजी आयपी पत्ता लिहा. लॉगिन नाकारलं तर वापरकर्त्याच्या नावाआधी एनएएसचं नाव आणि उलटी तिरकी रेघ घालून बघा.

यूएसबी डिस्कवरून विंडोज सर्व्हर बॅकअप उतरवत असाल तर विंडोजइमेजबॅकअप नावाचा फोल्डर डिस्कच्या मुळातच असला पाहिजे. कुणी तो “जुना बॅकअप” नावाच्या फोल्डरमध्ये हलवला किंवा त्याचं नाव बदललं तर पडद्यावर इमेज सापडत नाही असं येतं. फोल्डर मूळ जागी, मूळ नावाने ठेवला की सापडते.

वेळेचा हिशेब

सुरू करण्याआधी किती वेळ लागेल ते मांडा, कारण काउंटरवरचे लोक तेच विचारणार आहेत. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला १०० ते ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला साधारण अडीच ते तीन तास. मधे एखादा जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर वेग ११-१२ एमबीवर येतो आणि तेच काम पूर्ण एक दिवस घेतं. त्यामुळे एनएएस आणि सर्व्हर एका गिगाबिट स्विचला थेट जोडा, बाकीच्या केबली काढून ठेवा. यूएसबी डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खोबणीत लावा. यूएसबी २ वर १ टीबीला आठ-नऊ तास जातात.

लाईटचा बंदोबस्त याच वेळी करायचा. खानापूर, जांबोटीकडे आषाढात फीडर गेला तर कधी येईल हे हेस्कॉम या वीज कंपनीचा लाइनमनही सांगू शकत नाही. यूपीएसवर सर्व्हर, एनएएस आणि स्विच तिन्ही हवेत. फक्त सर्व्हर यूपीएसवर असून उपयोग नाही, मधला स्विच बंद पडला की रिस्टोअर तिथेच तुटतं. जनरेटर असेल तर डिझेल आधी बघा. आणखी एक मर्यादा: विंडोजवर आधारलेलं रिकव्हरी मीडिया सलग ७२ तास चाललं की आपोआप रीस्टार्ट होतं. फार मोठा साठा संथ वाटेने उतरवत असाल तर आधी फक्त सिस्टिमचे भाग उतरवा, सर्व्हर उभा करा आणि डेटाचा भाग नंतर विंडोजमधून आणा.

रिस्टोअरचं बटण दाबण्याआधी

आता तारीख निवडायची. सर्वांत ताजी तारीख बहुतेक वेळा बरोबर असते, पण डिस्क आठवडाभर कुरकुरत असेल तर शेवटच्या बॅकअपवेळी चुका नोंदल्या गेल्या होत्या का ते बघा. तसं असेल तर एक दिवस मागे जाणं चांगलं.

साधनात बहुधा तीन पर्याय असतात: पूर्ण संगणक, फक्त सिस्टिमचे भाग, किंवा हाताने निवडलेले. सगळ्याच डिस्क नव्या असतील तर पूर्ण संगणक. विंडोजची डिस्क गेली आणि डेटाची डिस्क शाबूत असेल तर फक्त सिस्टिमचे भाग. या दुसऱ्या प्रसंगात डेटाची डिस्क प्रत्यक्ष काढून ठेवा. विंडोजच्या इमेज रिकव्हरीत डिस्क फॉरमॅट करून पुन्हा विभागा अशी एक खूण आणि काही डिस्क वगळा असं एक बटण असतं. वगळायची डिस्क तिथे निवडता येते, पण खणातून काढलेल्या डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, हे जास्त भरवशाचं.

हाताने निवडत असाल तर कुठला भाग कुठल्या डिस्कवर जाणार हे एकेक करून जुळवा. सी सोबत शंभर-दोनशे एमबीचा, बूटच्या फाइली असलेला ईएफआय भाग आणि छोटा रिकव्हरी भागही घ्या. तो ईएफआय भाग राहिला तर सी पूर्ण उतरूनही यंत्र बूट होत नाही.

शेवटच्या पडद्यावर सारांश येतो. तो मोठ्याने वाचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला फोटो व कागदाशी जुळवायला सांगा. मॅनेजर असतील, शिपाई असेल, कुणीही चालेल. “साहेब, पहिली डिस्क ४८० जीबी, बरोबर?” “हो, बरोबर.” एवढं झालं की मगच पुढे. या पडद्यानंतर मागे येता येत नाही.

पहिलं बूट

काम संपलं की पेनड्राइव्ह काढा, नेटवर्कची केबलही काढा आणि बूट करा. पहिलं बूट हळू होतं, कधी विंडोज एकदोनदा स्वतःच रीस्टार्ट होतं. धीर धरा.

बूट होण्याजोगं काहीच सापडत नाही असं आलं तर बायोसच्या बूट यादीत विंडोज बूट मॅनेजर आहे का बघा. नसेल तर पुन्हा पेनड्राइव्हवरून जाऊन डिस्कपार्टने ईएफआय भागाला एक अक्षर द्या आणि बीसीडीबूट ही आज्ञा विंडोजच्या फोल्डरवर चालवून बूटच्या फाइली त्या भागात नव्याने लिहा. बहुतेक वेळा एवढ्याने यंत्र उठतं.

निळा पडदा आणि इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असं आलं तर अर्थ असा की विंडोज सुरू झालं, पण नव्या रेड कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. वेगळ्या कंपनीचं यंत्र घेतलं की हे होतं. रिकव्हरी मीडियातल्या ड्रायव्हर घालायच्या सोयीने, किंवा डिझम या आज्ञेने, तोच ड्रायव्हर उतरवलेल्या विंडोजमध्ये घाला. पेनड्राइव्हवर ड्रायव्हर सुटे ठेवायला सांगितलं ते या दुसऱ्या वापरासाठीही होतं.

उठल्यावर, काउंटर उघडण्याआधी

घड्याळ बघा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डेटाची डिस्क ऑफलाइन दिसत असेल तर ऑनलाइन करा आणि तिचं अक्षर पूर्वीचंच आहे का तपासा. डी चा ई झाला तर सॉफ्टवेअरला डेटा सापडत नाही. यंत्र नवं असेल तर नेटवर्क कार्डही नवं धरलं जातं. जुना पत्ता देताना हा पत्ता दुसऱ्या कार्डावर आहे असं विंडोज सांगतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून जुनं कार्ड काढून टाका. विंडोजचं अॅक्टिव्हेशन पुन्हा मागितलं जाऊ शकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असलेल्या डिस्कची इमेज उतरवल्यावर डिस्क उघडीच असते, ते परत चालू करा.

सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या संगणकांची लॉगिनं तोच सांभाळत असेल, तर दोन प्रश्न विचारा. दुसरा डोमेन कंट्रोलर जिवंत आहे का? असेल तर जुनी इमेज उतरवण्यापेक्षा नवं विंडोज टाकून त्याला पुन्हा कंट्रोलर करणं बहुधा सोपं आणि सुरक्षित. हा एकुलता एक कंट्रोलर असेल तर सिसव्हॉल आणि नेटलॉगन हे फोल्डर शेअर झालेत का बघा. झाले नसतील तर तो दुसऱ्या कंट्रोलरची वाट बघत थांबलेला असतो, आणि त्याला हाच मुख्य आहे असं ठरवून द्यावं लागतं. बॅकअप टूम्बस्टोनच्या मुदतीपेक्षा (डोमेनमधून काढलेल्या नोंदींची खूण जितके दिवस राहते ती मुदत), म्हणजे साधारण १८० दिवसांपेक्षा जुना असेल तर तो कंट्रोलरसाठी वापरू नका. काही संगणकांवर ट्रस्ट रिलेशनशिपची तक्रार आली तर ते संगणक डोमेनमध्ये पुन्हा जोडले की मिटतं.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर लोकांना आत घेण्याआधी प्रत्येक डेटाबेसवर चेकडीबी ही तपासणीची आज्ञा चालवा. मग सॉफ्टवेअर उघडून शेवटचा पावती क्रमांक, शेवटचा दिवसअखेर शिल्लक आकडा आणि कॅशबुक कागदाशी जुळवा. एक कन्नड पावती आणि एक मराठी पत्र छापून बघा.

आता पतसंस्थांसाठी सर्वांत महत्त्वाचं. बॅकअप रात्रीचा आणि सर्व्हर गेला दुपारी, तर मधले व्यवहार कागदावरून पुन्हा भरावे लागणार. पिग्मी एजंटांना लगेच फोन करा आणि त्यांच्या हातातल्या मशीनमधली त्या दिवसाची वसुली पुसू नका म्हणून सांगा. ती वसुली पुन्हा अपलोड करता आली तर शेकडो नोंदी हाताने भरायचं वाचतं. काउंटरच्या चलनांचे गठ्ठे वेळेनुसार लावा आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. ही भरती संपून रोख जुळल्याशिवाय नवीन व्यवहार सुरू करू नका, कितीही रांग लागली तरी. सभासदाच्या पासबुकातला आकडा आणि संगणकातला आकडा वेगळा दिसला की संस्थेवरचा विश्वास जातो, तो परत आणायला एका दुपारच्या खोळंब्यापेक्षा फार जास्त लागतं.

रॅन्समवेअरचा प्रसंग असेल तर केबल जोडण्याआधी सगळे पासवर्ड बदला आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉप थेट उघडा ठेवलेला असेल तर राउटरवर तो बंद करा. ज्या वाटेने माणूस आत आला ती वाट उघडी ठेवून सर्व्हर परत उभा केला तर काही दिवसांत तेच पुन्हा घडतं.

त्याच रात्री नवा पूर्ण बॅकअप घ्या, पण जुन्या बॅकअपची साखळी पुसू नका. निदान एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत ती वेगळ्या जागी ठेवा. यंत्र बदललं असेल तर रिकव्हरी पेनड्राइव्ह याच आठवड्यात नव्याने बनवा आणि बायोसचे फोटो बदला. बाजूला ठेवलेल्या जुन्या डिस्क महिना-दीड महिना तशाच राहू द्या. सगळे हिशेब जुळले की त्या पूर्ण पुसा, आणि पुसता येत नसतील इतक्या बिघडल्या असतील तर भंगारात देण्याआधी त्यांच्यातून आरपार ड्रिल मारून घ्या, कारण त्यांच्यावर सभासदांची नावं, आधार क्रमांक आणि सह्यांचे फोटो असतात.